नाग ठरवलेला गवत्या

काल सकाळी आमच्या सोसायटीत सात-आठ सुशिक्षितांनी एका गवत्याला ठेचून मारले.

गवत्या म्हणजे हिरवागार, बिनविषारी साप. वारज्याच्या टेकडीवरच्या रानात तो आमच्या इमारतींच्या कितीतरी आधीपासून आहे. भेक आणि बेडूक खातो. माणसाच्या वाटेस जात नाही.

घाबरला की मात्र मान चपटी करून उचलतो.
एवढाच त्याचा अपराध.

फणा काढतो तो नाग. याने फणा काढला. म्हणून हा नाग.
हे अनुमान मी खाली पोहोचण्यापूर्वीच पार्किंगमध्ये सिद्ध झाले होते. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला ते ऐकूनच शिसारी आली.

सेक्रेटरी काठी घेऊन उभे होते. मी त्यांना सांगितले की नाग असा हिरवा नसतो, हा गवत्या आहे, वाट मोकळी ठेवा, आपोआप टेकडीकडे जाईल.
त्यांनी काठी खाली घेतली.

मग विचारले, "सर, हंड्रेड पर्सेंट शुअर ना? इथं मुलं खेळतात."

मी म्हणालो, "अहो, अनुभवावर आधारलेले कोणतेही विधान शंभर टक्के निश्चित नसते. फार तर असे म्हणता येईल की..."

"म्हणजे शुअर नाही."

तिसऱ्या फटक्यानंतर ती मान पुन्हा उचलली गेली नाही.

पुढचे अधिक किळसवाणे आहे.
दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना आठवले की नाग मारला तर सात पिढ्यांना दोष लागतो. मग त्याच हातांतून तूप आले, तोंडात ठेवायला तांब्याचे नाणे आले, मागच्या भिंतीपाशी रीतसर दहन झाले. ग्रुपवर 'नागराजास भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली जोडलेल्या हातांची रांग.

मी विचारले, नाग म्हणजे देव, तर मारलात का? आणि नाग नव्हता, तर हे तूप कशाला?

सेक्रेटरींचे उत्तर आले, "सर, आपण प्रत्येक गोष्टीत पॉइंट काढता."

ते खरे आहे.

त्यांचे अनुमान चुकीचे होते, माझे बरोबर होते. पण काठी खाली आलेली असताना 'हो' एवढेच म्हणायचे होते, आणि मी व्याख्यान सुरू केले.

गवत्या, तुला अग्नीसुद्धा दुसऱ्याच्या नावाने मिळाला. निदान निरोप तरी तुझ्या नावाने घेतो.
चूक माझी होती.