माझ्या यादीतल्या चार बंदुका

नारपोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत बंदूक कधी आली नाही, पण बंदुकांची यादी तेरा-चौदा वर्षं होती. कचेरीतल्या रद्द झालेल्या एका फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर मी ती लिहिली होती आणि कपाटात, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती. पहिली, इंग्लिश बनावटीची जुनी दुनाळी, बारा बोअरची, आक्रोडाच्या दस्त्याची. दुसरी, नेमबाजीची पॉइंट टू टू रायफल. तिसरी, सरकारी कारखान्यातली थ्री फिफ्टीन रायफल. चौथं रिव्हॉल्व्हर. त्याचं मला खरं तर फारसं काही वाटत नव्हतं, पण यादी तीनवर थांबवणं बरं दिसेना.

"पाचवा मिक्सर लिहा," बायको म्हणायची. "तो तरी घरात येईल."

हे वेड शाळेतल्या एनसीसीचं. एकदा आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी गोळीबाराच्या सरावाला नेलं होतं. प्रत्येकाला पाच गोळ्या. माझ्या पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील एवढ्या जागेत बसल्या. हवालदाराने माझा पंजा हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाला, "हाथ नहीं, पत्थर है." आयुष्यात माझ्या कुठल्याही अवयवाचं एवढं कौतुक पुन्हा झालं नाही. माझ्याच बाकावर बसणारा वळ गावचा एक मुलगा होता. त्याची एक गोळी शेजारच्याच्या कागदावर लागली. दिवसभर सगळे त्याला हसले. मीही हसलो.

पुढे मी तहसील कचेरीत क्लार्क झालो. बंदुकीच्या परवान्याचे अर्ज साहेबांच्या अभिप्रायासाठी आमच्याकडे यायचे आणि तो अभिप्राय मी टाइप करायचो. कुठल्या अर्जावर काय लिहिलं की परवाना मिळतो, हे मला पाठ झालं. एकदा सुट्टी काढून मी मुंबईला, कोट भागातल्या एका बंदुकीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्या विक्रेत्याने विचारलं, "परवाना?" मी नाही म्हटलं. "मग काचेतून बघा," तो म्हणाला. मी काचेतून बघितलं. यादी त्याच आठवड्यात लिहिली.

शेवटी मी स्वतःचा अर्ज केला. 'हेतू' या रकान्यात 'आवड' असं लिहिलं. हेडक्लार्क हसत सुटले. "आवडीला परवाना असतो का? आवड म्हणून उद्या तोफ मागशील." मग मी 'नेमबाजी' लिहिलं. त्याला क्लबचं सभासदत्व लागत होतं आणि सभासदत्वाला दोन जुन्या सभासदांच्या सह्या. आमच्या आळीत पॉवरलूमवर शिफ्ट करणारे होते, मास्तर होते, वॉर्डबॉय होते. रायफल क्लबचा सभासद कोणी नव्हता. तरी अर्ज तसाच पुढे गेला.

पोलीस चौकशीला एक जमादार घरी आला. आम्ही त्याला खुर्ची दिली, चहा दिला. त्याने भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बराच वेळ बघितलं. "वर भगवान बुद्ध आणि खाली बंदूक. कसं जमायचं ओ हे?" मी म्हटलं, मला कोणाला मारायचं नाही, नेम धरायचाय. "मग गलोल घ्या," तो म्हणाला आणि कप खाली ठेवला.

चार महिन्यांनी अर्ज साहेबांच्या टेबलावर आला. साहेबांनी मलाच बोलावलं आणि नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली. अर्जदाराचं नाव आलं तेव्हा त्यांनी क्षणभर वर बघितलं, मग पुन्हा कागदात बघून पुढे चालू ठेवलं. मी टाइप केलं: 'अर्जदार नोकरदार असून त्यांचे नावे शेतजमीन अथवा अन्य स्थावर मालमत्ता नाही. त्यांचे जीवितास धोका असल्याचे दिसून येत नाही. सबब शिफारस नाही.' दोनच वर्षांपूर्वी दंगलीत शहर पेटलं होतं. आम्ही कर्फ्यूत दारं लावून बसलो होतो आणि आळीच्या तोंडाशी एक लूमचं शेड दोन दिवस धुमसत होतं. पण ते अर्जात नव्हतं. कार्बन घालून तीन प्रती काढल्या. एकही चूक केली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी तो वळचा बाकावरचा मित्र कचेरीत आला. खाली जीप उभी होती, गळ्यात बोटाएवढी साखळी. त्याच्या शेतांवर गोदामं उभी राहिली होती.

"काय रं बाला, वलखलास का न्हाय?"

मी त्याला अजून अरे-तुरे करावं की शेठ म्हणावं, तेच मला कळेना. त्याला परवाना हवा होता. मी फॉर्म काढला आणि हेतू विचारला.

"तुलाच म्हाईत. चालल तं लिव."

मी 'पिकांचे संरक्षण' असं लिहिलं. पिकाच्या जागी आता पत्र्याची छपरं होती आणि त्याखाली कापडाच्या गाठी. त्याची शिफारस झाली. तीही मीच टाइप केली.

परवाना हातात आला तसा तो मला म्हणाला, "कंची घेऊ सांग. मना त्यातलं काय कलत न्हाय."

त्याच्या जीपमधून आम्ही कोटातल्या त्याच दुकानात गेलो. या वेळी आम्हाला स्टुलं मिळाली, थंडा मिळाला. विक्रेता सरकारी कारखान्यातली नवी दुनाळी दाखवत होता. ती मजबूत होती, मित्राला पुरेशी होती. मी गप्प बसलो असतो तर तीच घेतली गेली असती. पण मागच्या मांडणीत एक जुनी इंग्लिश दुनाळी होती. मी ती काढायला सांगितली आणि खांद्याला लावली. दस्ता गालाला असा टेकला की जणू माझं माप घेऊन केला होता. म्हातारा विक्रेता म्हणाला, "साहेब, तुमचा हात बसलाय याच्यावर."

"परवाना यांचा आहे," मी म्हटलं आणि बंदूक मित्राच्या हातात दिली. "ही घे. यापेक्षा चांगली मिळणार नाही."

मी असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या वेळी वाटलं की माझी नसली तरी निदान वळ गावात असेल. धामणकर नाक्यावरून रिक्षा पकडली की पोचलो.

आणि मी जात होतो. दर रविवारी त्याच्या ओटीवर बसून बंदूक साफ करायचो. नळीतून फडकं ओढायचं, तेल द्यायचं, दस्ता पुसायचा. दीड वर्षात मला आत कोणी बोलावलं नाही. बंदूकच बाहेर यायची.

त्याच्या बहिणीच्या हळदीच्या दिवशी दुपारी खाडीच्या बांधावर त्याने डबे मांडून बार काढले. पाच-सहा बारांत डबा एकही हलला नाही. मी इतकी वर्षं काही मागितलं नव्हतं. जवळ जाऊन म्हटलं, "एक बार मला काढू दे."

"कागद माज्या नावावं हाय ना रं. उद्या काय झालं तं? तूच सांगतस ना कायदा."

कायदा खरोखर तसाच होता आणि मीच त्याला सांगितला होता. मी मान हलवली. दुसऱ्या मिनिटाला त्याने बंदूक मेहुण्याच्या हातात दिली. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "तो घरचा हाय."

मी जेवायला थांबलो नाही. त्यानंतर वळला जाणंही सोडलं.

माझी यादी मात्र त्या बाजूच्या गावांतून फिरत राहिली. मित्राचं ऐकून लोक कचेरीत यायचे, आणि मला विचारलं की मला सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. थ्री फिफ्टीन त्याच्या चुलत्याने घेतली. रिव्हॉल्व्हर एका गोदामवाल्याने घेतलं आणि लग्नात शर्टावरून दिसेल असं लावायला लागला. पॉइंट टू टू कोणालाच नको होती. तिचा आवाज फार होत नाही.

नव्वदच्या दशकात निवडणुकीच्या वेळी परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. काही महिन्यांनी ती परत मिळाली. एके दिवशी मित्र चादरीत गुंडाळलेली दुनाळी घेऊन आमच्या घरी आला. आमच्या घरी तो पहिल्यांदाच येत होता.

"बग ना, काय झालंय तिला."

मी ती उघडून खिडकीकडे धरली आणि नळीतून बघितलं. खाडीची हवा आणि दमट कोठडी, त्यात वर्षानुवर्षं तेल नाही. आत गंज धरला होता, टोकाशी बारीक खड्डे पडले होते. पण ती वाचण्यासारखी होती. दोन दिवस तेलात ठेवून, ब्रश मारून एखाद्या चांगल्या कारागिराकडे दिली असती तर पुन्हा उभी राहिली असती. हे मला स्पष्ट दिसत होतं.

"गेली," मी म्हटलं. "आता बार काढलास तर नळी फुटेल. डोळे जातील."

त्याचा चेहरा उतरला. "मंग काय करू?"

"सरकारजमा कर. नवीन घे."

तो चहा घेऊन गेला. बंदूक चादरीसकट बरोबर नेली. बायको आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "खरंच गेली होती?"

"नाही."

तिने चहाचे कप उचलले. "मग आता बरं वाटलं?"

मला वाटलं होतं, बरं वाटेल. जेवणाला बसलो तेव्हा नळीच्या गंजाचा वास अजून हाताला होता आणि मी उठून पुन्हा हात धुतले. सकाळी वळला जाऊन खरं काय ते सांगावं, असं मनात आलं. सकाळी मी वेळेवर ड्युटीला गेलो.

दुपारी तो अर्जासाठी कचेरीत आला. 'सदर शस्त्र वापरास अयोग्य झाले असल्याने शासनजमा करीत आहे,' असं मी टाइप केलं. त्याने खाली सही केली, पेन मला परत दिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू व्हतास म्हनून वाचलो रं."

मी त्याला अर्जाची पोच दिली.