पाठमोरे काका

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत त्यांचं खरं आडनाव कोणालाच माहीत नव्हतं. घरातलं कोणी पासवर्ड टाइप करायला लागलं की ते ताबडतोब भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, म्हणून सगळे त्यांना पाठमोरे काका म्हणायचे. टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. कुर्ल्याहून यायचे आणि घरोघरचे वायफाय राउटर लावून द्यायचे. "मला कळला की तो पासवर्ड तुमचा राहिला नाही," म्हणायचे.

मी टाइल्सचा धंदा शून्यातून उभा केलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय मला चैन पडत नाही. ते म्हणाले, पासवर्ड चौदा अक्षरांचा हवा. मी म्हणालो, "आठात भागवा."

"शेठ, माझ्या मजुरीत घासा. यात नाही."

"बरं, दहा?"

"चौदा. आणि मुलीचं नाव, मोबाइल नंबर असलं काही चालणार नाही."

आयुष्यात मी फार थोड्या वेळा हरलोय. त्यातली ही एक.

पासवर्ड बदलण्याआधी ते राउटरला जोडलेल्या फोनांची यादी वाचायचे आणि एकेकाचा मालक विचारायचे. मला तेच हवं होतं. समोरच्या विंगमधला माझा धाकटा भाऊ माझं नेट चोरतोय, अशी माझी खात्री होती. दोघांनी मिळून घेतलेला गाळा त्याने परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतला, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आई त्याच्याकडे राहिली, म्हणून तिच्याशीही.

"त्याचा फोन दिसला की सांगा. आज सोडत नाही त्याला."

यादीत परका फोन एकच निघाला. "जुना आहे," काका म्हणाले. "रोज चारच्या सुमारास येतो, पंधरा मिनिटांत जातो." त्यांनी मॉडेल वाचलं. तो फोन मीच आईला घेऊन दिला होता.

चार वाजून गेले होते. मी खिडकीतून वाकून पाहिलं. आई खालच्या बाकावर बसली होती, फोन मांडीवरच्या पिशवीत.

"त्या नेट वापरत नाहीत हो," काका हळूच म्हणाले. "जवळ आलं की फोन आपोआप जोडला जातो." मग घसा खाकरून म्हणाले, "पासवर्ड तर बदलायलाच हवा. त्यांच्यासाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क काढून देऊ?"

"आई काय पाहुणी आहे?" मी ओरडलो.

"मग माझ्यावर कशाला ओरडता? खाली जाऊन त्यांना नवा सांगा ना."

चौदा अक्षरं टाकायला मला बराच वेळ लागला, स्क्रीन नीट दिसत नव्हता. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. माझं झाल्यावरही ते लगेच वळले नाहीत.

खाली आई म्हणाली, "एवढा मोठा? मला नाही रे जमायचं. तूच टाक."

काका गेल्या वर्षी गेले. भावावरचा माझा राग तसाच आहे आणि गाळ्यावरचा हक्क मी सोडणार नाही. आईच्या फोनवरून नवा पासवर्ड एव्हाना त्याच्यापर्यंत पोचलाही असेल. यादी कशी उघडायची, ते काकांनी मला शिकवून ठेवलंय.

अजून उघडलेली नाही.