दम राखून कण्हा

चांदा जिल्ह्यात धडधाकट माणसांना खाटेवर पाडून त्यांचे डॉक्टर करणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या नशिबी साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, म्हणून आला. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण हे कोणापुढेही छातीठोक सांगतो.

सिंदेवाहीच्या बाजूला आमचं गाव. साळा तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर. स्वतः डॉक्टर व्हायचं राहून गेलं, म्हणून त्यानं हायस्कुलातली चार पोरं धरली आणि दर रविवारी माझ्या अंगणात, मोहाच्या झाडाखाली, त्यांची तयारी सुरू केली. अंगण माझं, खाट माझी, चहा माझा; मला मात्र कोणी विचारलं नाही. पुस्तक नंतर. आधी एकानं पायाला बांबूच्या कामट्या बांधून दिवसभर खाटेवर पडायचं आणि कण्हायचं, दुसऱ्यानं त्याला सांभाळायचं. "पेशंटले पानी मागा लागलं म्हंजे डाक्टर नापास," हा त्याचा कायदा. कण्हण्यावर तर फारच बारीक लक्ष. एक पोरगा जीव तोडून ओरडला तर हा म्हणतो, "हे कन्हनं नाई बाबू, हे बैल हाकलनं झालं. मोडलेला मानूस दम राखून कन्हते." पहिल्या रविवारी गावातल्या बाया खरंच पाय मोडला समजून पेज घेऊन धावल्या. मग सारं गाव सरावलं.

माझी लेक तेव्हा मॅट्रिकात. तिलाही डॉक्टर व्हायचं होतं. मी नाही म्हटलं होतं. पोरगी नागपूरला एकटी राहणार नाही, विषय संपला. त्यामुळे ती खाटेजवळ न येता चुलीपाशी बसून सगळं ऐकायची. साळा दर रविवारी चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारायचा, "भाऊजी, पोरीचं काय ठरवलं?"

"नाई."

"बरं, पुढच्या रविवारी इचारतो."

असं वर्षभर चाललं.

थंडीतल्या एका रविवारी साळा पोरांना घेऊन गावाबाहेरच्या बोडीवर, म्हणजे लहानशा तळ्यावर, बेडूक पकडायला गेला होता. मी भाताच्या तनशीच्या ढिगावर चढलो, घसरलो, आणि पाय मोडून बसलो. कसाबसा सरकत खाटेवर आलो आणि कण्हू लागलो. रस्त्यानं जाणारा शेजारी हसला, "वा भाऊ! या वयात डाक्टरी शिकून राह्यले का?" मी शिवी हासडली, तर तो आणखी खूश. "अस्सल करून राह्यले!" म्हणत चार जणांना बोलावून आणलं त्यानं.

लेक दारात आली. ती हसली नाही. "या थंडीत बाबाले घाम सुटला, दिसत नाई का तुमाले? सरका सारे!" तिनं कामट्या घेतल्या, जुनं लुगडं फाडलं. मी ओरडलो, "मामाले बोलाव!"

"बोलावलं. तोवर हलू नोका."

आणि ओठाला पाणी लावलं. मी मागितलं नव्हतं.

साळा आला. एकेक गाठ दाबून पाहिली, पायाची बोटं चाचपली. "मी बांधलं असतं तं असंच बांधलं असतं," एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे वळला, "भाऊजी, कन्हनं मात्र चुकून राह्यलं तुमचं. आन् पोरीचं काय ठरवलं?"

"नाई!"

दीड महिना मी त्या खाटेवर होतो. एकदाही पाणी मागावं लागलं नाही. मुद्दाम तहान लपवून पाहिली, तरी तांब्या हजर. शेवटी एका रविवारी साळ्यानं विचारायच्या आधीच मी म्हणालो, "धाडतो नागपूरले. तू म्हनते म्हनून नाई, मी म्हनतो म्हनून." साळा त्या दिवशी चहा दोन कप प्याला.

लेक डॉक्टर झाली. माझा पाय आजही सरळ आहे. पुष्कळ वर्षांनी साळा आजारी पडला, तेव्हा हट्टानं माझ्याच अंगणात येऊन त्या खाटेवर पडला. लेक सुटी काढून आली. तो हळू, दम राखून कण्हायचा, आणि त्यानं मागायच्या आधी ती त्याच्या ओठाला पाणी लावायची. मी उशाशी बसलेला. मनात म्हणायचो, बाबा रे, एकदा तरी चुकीचं कण्ह.