उत्तर क्रमांक सात

माझ्यासारख्या तापट बाईला लोकांची समजूत काढायची नोकरी मिळावी, ही कुणीतरी केलेली थट्टाच असणार. फोनवर शेतीचा एक खेळ आहे. त्यात लोक बागा लावतात, गाई पाळतात, विहिरी खणतात. काही बिघडलं की मराठीत तक्रार लिहितात, आणि ती तक्रार किन्हवलीत स्टँडमागच्या खताच्या दुकानावरच्या खोलीत, माझ्या लॅपटॉपवर येऊन पडते. आमच्या पाड्यावर रेंज नाही म्हणून ही भाड्याची खोली. खाली युरियाचा वास आणि वर मी.

तक्रारी म्हणाल तर एकेक नमुना. नवं अपडेट आलं की कुणाच्या गाई गायब होतात, कुणाचं कुंपण तळ्यात जाऊन उभं राहतं. एका गृहस्थांचा अख्खा गोठा उलटा झाला होता, गाई छताला पाय लावून निवांत रवंथ करत होत्या. त्यांनी बिचाऱ्यांनी फोटो पाठवला. मला हसायलाही वेळ नव्हता, कारण तीन मिनिटांत उत्तर गेलं पाहिजे असा नियम. उत्तरंही आयती असतात, नंबर टाकलेली. दोन नंबर: अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा. चार नंबर: आपलं नेट तपासा. सात नंबर: आपली तक्रार नोंदवली आहे, चौकशी सुरू आहे, आपल्या संयमाची आम्ही प्रशंसा करतो. संयमाची प्रशंसा! असं मराठी कोणाच्या घरात बोलतात? हे वाक्य बदला म्हणून मी वरच्या लोकांना दोनदा लिहिलं. मला उत्तर आलं ते सात नंबरचं.

लागले तेव्हा कंपनीनं सांगितलं, खरं नाव वापरायचं नाही, कामासाठी एखादं नाव घ्या. मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "आपल्या शेळीचं घे. तीपन अशीच होती, शिंगं पुढं करून यायची." लहानपणी आमच्याकडे एक तांबडी शेळी होती. तिचं नाव मी खरंच घेतलं, आणि आम्ही दोघी फोनवर पोट दुखेपर्यंत हसलो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक उत्तराखाली आमच्या शेळीची सही असते. ते नंबरांचं गणितही ताईला पाठ झालं होतं. जेवण झालं का विचारलं तर ती म्हणायची, "दोन नंबर. चूल बंद करून परत पेटवली."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, टोकावड्याला दिलेली. खेळ तिच्या फोनवर मीच घातला. दिवसभर शेतात राबून संध्याकाळी फोनमध्येही शेतच, म्हणून आई कपाळावर हात मारायची. पण ताईला गंमत शेतीची नव्हती. खेळात बागेच्या फाटकाजवळ एक पाटी असते, तिच्यावर काहीही लिहिता येतं. आमच्या पाड्यावरच्या तिच्या दोन मैत्रिणी, एक शेणव्याला पडली, एक मुरबाडला. तिघींचा फोन एका वेळी लागेल तर शपथ. एकीचा बंद, दुसरीला रेंज नाही, तिसरीची सासू पुढ्यात बसलेली. बाग मात्र तिघींची एकच, ताईच्या खात्यावरची, आणि तिथल्या पाटीला वेळकाळ नव्हता. शेणव्याची सकाळी लिहायची, मुरबाडची दुपारी वाचायची, ताई दिवेलागणीला दोघींना उत्तर द्यायची. तीन वर्षं असं चाललं होतं. कुणाचं बाळंतपण, कुणाची भांडणं, कुठल्या डोंगराला कोळूची भाजी आली, सगळं त्या पाटीवर. ताईच्या सासरच्या घरात तिच्या एकटीचं असं मी दुसरं काही पाहिलं नाही.

आता खेळातलं पीक आठ तास पाणी नाही मिळालं की सुकतं. आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की आठ तास फोन हातात कोण धरणार? आमच्याकडे भाताची आवणी सावडीनं होते. आज सगळ्या बायका माझ्या शेतात, उद्या सगळ्या तुझ्या. मजुरी नाही, हिशेब नाही, फक्त फेड. ताईनं बागेलाही सावड लावली. जिची त्या दिवशी आवणी नाही तिनं पाणी घालायचं. तिघीही शेतात असतील तर ताईची जाऊ, नाहीतर घरी राहिलेली पोटुशी शेजारीण. कुणी विसरू नये म्हणून ताईनं पासवर्ड स्वयंपाकघरातल्या भिंतीवर, डब्यांच्या फळीखाली कोळशानं लिहून ठेवला होता. हातभर लांब. खाली एक बाणही काढला होता, मोठं अक्षर कुठलं ते दाखवायला.

मी तो शिमग्याला गेले तेव्हा पाहिला आणि बोंब ठोकली. "ताई, पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो!"

"मंग पानी कोन घालील? तुझी कंपनी?"

 मी चहा प्याले आणि घरी आले. चूक तिथेच झाली. नियम मला तोंडपाठ होता: एक खातं, एक माणूस. पण नियम दुसऱ्यांना लागू होतात असं मला वाटत असावं.

आवणीच्या ऐन भरात कंपनीची संशयित खात्यांची यादी आली. लोक खाती विकतात, चोरतात, त्यांना हुडकून काढायचं म्हणे. यादीत नावं नसतात, नुसते आकडे. खातं किती फोनवरून उघडलं, किती गावांतून. त्या दिवशी सकाळपासून तीनदा वीज गेली होती, इन्व्हर्टर रडत होता, आणि टीम लीडर दर पंधरा मिनिटांनी विचारत होता की अजून किती राहिली. डोकं भणभणलं होतं माझं. एका ओळीत दिसलं: फोन सात, गावं तीन. मी बघितलंसुद्धा नीट नाही. "कायमचं बंद" दाबलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

दुपारी एक वाजता ताईचा फोन आला. ती बांधावरून बोलत होती, मागे बायकांची गाणी चालू होती.

"बाग उघडत नाय गो. तू बाग विकलीस असं लिवून आलंय. मी बाग विकली? मी?"

तिचा आवाज असा मी बाबा गेले तेव्हाच ऐकला होता. मी म्हटलं फोटो पाठव. तिनं स्क्रीनचा फोटो पाठवला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, विक्रीच्या कारणावरून आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. मी खात्याचा नंबर टाकून नोंद उघडली. बंद करणाऱ्याच्या रकान्यात आमच्या शेळीचं नाव होतं.

मी लॅपटॉप मिटला. मग पुन्हा उघडला, नाव बदललं असेल म्हणून. खरं सांगते, त्या वेळी मला ताईचा राग आला. कुणी सांगितलं होतं भिंतीवर लिहायला? मग वीज मंडळाचा आला, मग टीम लीडरचा. सगळ्यांचा येऊन गेल्यावर माझा स्वतःचा नंबर लागला, तो राग अजून उतरलेला नाही. फोटोत फक्त वरचा मजकूर आला होता. सही अगदी तळाशी, "पुढे वाचा" दाबल्यावर, बारीक अक्षरांत येते. ते दाबणारा माणूस मला तीन वर्षांत भेटला नव्हता. म्हणजे ताईला कळणार नाही, एवढा हिशेब मी त्या अवस्थेतही केला.

"काय झालं गो?" तिनं विचारलं.

"नोंदवलंय मी. चौकशी सुरू आहे."

मी हात जोडायचे तिथे जोडले. टीम लीडर म्हणाला, कायमचं म्हणजे कायमचं, ते फक्त मुख्य ऑफिस उघडू शकतं. मुख्य ऑफिसातल्या बाईंना गाठायला चार दिवस गेले. त्या बाई मोठ्या शहरातल्या, बोलायला गोड. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत मी त्यांना सावड समजावली. सांगितलं, मॅडम, हे विकणं नाही, आमच्याकडे कामाच्या बदल्यात काम असतं, आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे देवाणघेवाण होत होती तर. तीसुद्धा नियमात बसत नाही, आणि आता तुम्हीच तसं सांगितल्यामुळे मला ते लिहावं लागेल. म्हणजे वाचवायला गेले आणि पुरावा देऊन आले! मी फोन ठेवला आणि टेबलावर अशी मूठ आपटली की खालचा दुकानदार जिन्यावरून विचारायला आला, काय पडलं का म्हणून.

शेवटी एवढंच हाती लागलं: खेळाडूनं मागितलं तर पाटीवरचा मजकूर मिळू शकतो. बाग नाही, झाडं नाहीत, नुसता मजकूर. खातं काढताना ईमेल माझाच दिला होता, त्यामुळे तो माझ्याकडेच आला. मी तो वाचला नाही. पहिल्या ओळीवर नजर गेली, "मुरबाडचे, जेवलीस का", आणि मी फाइल बंद केली.

या सगळ्या दिवसांत ताई रोज दुपारी एक वाजता फोन करत होती. आवणीतली जेवणाची सुट्टी तेवढीच, अर्धा तास. त्यातही भाकरी खायच्या आधी फोन. "काय झालं गो?" आणि मी रोज तेच. चौकशी सुरू आहे. वरती कळवलंय. थोडं थांब. तिनं एकदाही आवाज चढवला नाही. माझ्या जागी ती असती आणि तिच्या जागी मी, तर मी टोकावड्यापर्यंत ऐकू जाईल असं भांडले असते. आठव्या दिवशी ती नुसतं म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. नवव्या दिवशी फोन आला नाही.

दहाव्या दिवशी मी रजा टाकली. शहापूरला जाऊन कागद छापून घेतले. चांगला जाडजूड गठ्ठा झाला. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, काय, पुस्तक लिहिलं का? मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं गुपचूप पिशवी दिली. मग एसटी, सरळगावला उतरून दुसरी एसटी. मुलाखतीला जाताना करतात तशी मी वाटभर वाक्यं जुळवत होते. वीज गेली होती. यादी मोठी होती. नावं दिसत नाहीत. सगळी खरी होती, आणि एकही बोलवत नव्हतं.

ताई शेतात होती. आठ-दहा बायका ओळीनं वाकून रोपं खोचत होत्या, त्यात ती कडेला. मला बघून ती बांधावर आली. हात पदराला पुसले, पिशवी घेतली, आत डोकावली.

"पाटीवरचं आहे सगळं," मी म्हटलं. "बाग नाही उघडणार, ताई. आणि ती..." जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "ती मीच बंद केली."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. जावंच्या पोरीनं खालपर्यंत वाचून दावलं. शेवटाला आपल्या शेळीचं नाव." तिनं पिशवीचं तोंड नीट गुंडाळलं, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून. "आपल्या शेळीला मी वळखनार नाय का गो?"

 मी विचारलं ते मूर्खासारखंच विचारलं. "मग रोज फोन करून काय झालं, काय झालं म्हणून विचारत होतीस ते?"

"बागेचं कुठं इचारत होते मी? बाग गेली ती गेली. तू सांगशील म्हनून फोन करीत होते." तिनं पिशवी काखेत मारली. "आठ दिस तू मला सात नंबर देत होतीस."

एवढं बोलून ती पिशवी शेतातल्या झोपडीत खुंटीला अडकवून आली आणि परत चिखलात उतरली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी चपला बांधावर काढल्या, साडी खोचली आणि तिच्या शेजारी जाऊन हात पुढे केला. ताईनं रोपांची एक मूठ माझ्याकडे फेकली, लागते त्यापेक्षा बरीच जोरात. चिखल माझ्या तोंडभर उडाला. बायका हसल्या. ताई हसली नाही.