तेविसावी चिमणी

कल्याणच्या हॉस्पिटलात शालू माझ्याशी शेवटचं जे बोलली, त्यात देवाचं नाव नव्हतं की पोराबाळांचं नव्हतं. मी खाटेशेजारी स्टुलावर बसलेलो. तिने डोळे उघडले आणि विचारलं, "दादा, डब्यात चिमण्या किती?" मी म्हटलं, "बावीस." ती जराशी हसली. "तेवीस," म्हणाली, आणि परत डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात रंधा होता, तो तसाच फळीवर राहिला... दीड महिना झाला. बहीण गेल्याचं दुःख आहेच, पण त्या एका आकड्याने माझ्या जिवाला घोर लावलाय. म्हणून लिहायला बसलो. मी तिसरीतून शाळा सुटलेला सुतार. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा, मी लिहिते." म्हटलं, बहीण माझी, लिहिणार मीच. सुनेने फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलेत.

आम्ही कोकणातून आंबिवलीला आलो तेव्हा शालू फ्रॉकात होती. माझी शाळा सुटली ती सुटलीच, पण हिची मी सुटू दिली नाही. पुढे तिने टिटवाळ्याला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर बालवाडी काढली. बुटकी टेबलं, खुंट्या, दाराची फळी, सगळं माझ्या हातचं, आणि ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो. शालू म्हणायची, "दादा, पाटीच लाव ना दारावर, बालवाडी कमी आणि तुझं प्रदर्शन जास्त." एकदा ती दमून बसली होती. म्हणाली, "पोरं गाण्यात भांडत नाहीत रे, गोष्टीतही नाही. प्रार्थना संपलीय आणि चित्रं सुरू व्हायचीत, चित्रं संपलीत आणि हात धुवायचेत, त्या मधल्या वेळात कोण चावतं, कोण दाराबाहेर पळतं." मी म्हटलं, "टेबलाचंही तसंच. फळीत मोडत नाही, सांध्यात हलतं." तिला ते एवढं पटलं की तेव्हापासून त्या मधल्या वेळेला ती सांधाच म्हणायची.

सांध्यासाठी तिच्याकडे एकेक गुपचूप उद्योग होते. देवघरातली लहान घंटी या हातातून त्या हातात द्यायची, पण वाजू द्यायची नाही. ओंजळीत गरम वरण आहे असं समजून हळूहळू फुंकर घालायची. पुढच्याच्या पाठीवर बोटाने चित्र काढायचं आणि त्याने ते ओळखायचं. पण सगळ्यांत लाडका उद्योग चिमणीचा. सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांच्या मी तिला बावीस चिमण्या करून दिल्या होत्या, पोरांच्या तोंडात जाणार नाहीत एवढ्या जाड, घासून गुळगुळीत. सांधा आला की प्रत्येकाच्या दोन्ही तळव्यांमध्ये एकेक चिमणी. "झोपलीय हं," शालू कुजबुजायची, की बावीस पोरं श्वास रोखल्यासारखी बसायची. मग ती म्हणायची, "चिमणी उठली..." की मुठी उघडायच्या आणि चिमण्या उडत उडत डब्यात. डब्यात बावीस, म्हणजे पोरं बावीस. मी दारात उभा राहून हसायचो. "ही बालवाडी आहे की मौनव्रत? पोरांनी गोंधळ घालायचा नाही तर कोणी घालायचा?" ती म्हणायची, "एक दिवस सांभाळून दाखव, मग बोल."

तो दिवस आला. शालूला दवाखान्यात तपासणीला जायचं होतं, मदतीची बाई गावाला गेलेली. मी म्हटलं, "जा तू निवांत. चाळीस कामगारांवर नजर ठेवलेला माणूस आहे मी." सकाळ बरी गेली. घरी जायच्या आधी मी चिमण्या वाटल्या, पोरं गप्प झाली, माझी छाती फुगली. दाराशी आयांची गर्दी झाली तशी मी नुसतं ओरडलो, "चला रे, घरी!" आणि दारात डबा घेऊन बसलो. एकेक पोर चिमणी टाकून आईचं बोट धरून गेलं. खोली रिकामी झाली. मोजल्या तर एकवीस. परत मोजल्या. एकवीसच. कोणीतरी खेळता खेळता घरी नेली असेल, असं मी मनाला सांगितलं. पण शालू आल्यावर म्हणणार, "बघ, एक दिवस नाही जमलं." माझ्या खिशात एक जास्तीची चिमणी होती, अर्धी घासलेली, पांढरट, चोच अजून बोथट. मी ती डब्यात टाकली. बावीस झाल्या. झाकण लावलं.

तेवढ्यात वेदूची आई धावत आली. "काका, उशीर झाला हो... वेदू कुठाय?" सोसायटीचं गेट उघडं, समोर रस्त्यावर नव्या बिल्डिंगांच्या मातीचे डंपर. मी "वेदूऽऽ वेदूऽऽ" करत गेटपर्यंत पळालो, नाल्याकडे बघितलं, परत आलो. ती माउली रडायला लागलेली. डब्याने मला सांगितलं होतं, आणि मी डब्याचंच तोंड बंद केलं होतं. शालू रिक्षातून उतरली. ती ओरडली नाही की पळाली नाही. आत गेली, खाली बसली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चिमणी उठली..." कोपऱ्यात सतरंज्यांच्या वळकट्या रचलेल्या, त्यांच्या मागून आवाज आला, "बाई, माझी नाही उठली." वेदू दोन्ही तळवे गच्च मिटून तिथे बसलेला. मी चिमणी उठवलीच नव्हती, म्हणून त्याने ती झोपवून ठेवली होती. गोंधळात बाकीची उठली, हा एकटा नियम पाळत राहिला.

शालूने त्याची चिमणी डब्यात ठेवली, डबा बंद केला, माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, सुटलो. नंतर इतकी वर्षं गेली, मी कबूल केलं नाही, तिने विचारलं नाही. मी तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, तिला शिकवणारा, कसा सांगू की मी आकडा भरला? आणि मग हॉस्पिटलात ते "तेवीस"... म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

ती गेल्यावर बालवाडी स्नेहल बघते. वर्षभर शालूच्या हाताखाली होती, पोरगी चांगली आहे. पंधरवड्यापूर्वी मी टिटवाळ्याला गेलो तर भिंतीवर टीव्ही. पोरं डोळे फाडून बसलेली.

"आजोबा, सांध्याला टीव्ही लावला की सगळी गप्प."

"गप्प आहेत ते दिसतंय. त्यातलं कोण नाही, ते दिसतंय का?"

"तुम्ही फार टेन्शन घेता."

घेतो. डंपर अजून तिथूनच जातात. मग मी त्या पोरीसमोर बुटक्या टेबलावर बसलो आणि सगळं सांगितलं, बोथट चोचीपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा. वाटलं, हसेल. ती उठली, कपाटातून डबा काढला, माझ्यासमोर ओतला. सगळ्या चिमण्या पोरांच्या हातांनी काळपट तांबूस झालेल्या, एकही पांढरी नाही. स्नेहलने त्यातली एक उचलून माझ्या हातावर ठेवली. चोच बोथट. "ही बाईंची," ती म्हणाली. "पोरांना वाटून झाल्या की ही त्या स्वतः धरून बसायच्या. मी एकदा विचारलं, बाई तुम्ही कशाला? तर म्हणाल्या, दादाची आहे, मला आवडते."

टीव्ही उतरवलाय. मी रोज अकराच्या आत रिक्षाने जातो आणि दाराबाहेर बसतो. स्नेहल बावीस वाटते आणि तेविसावी न बोलता मला देते. आत एकदम शांत होतं... तेव्हा माझी नजर गेटवर जाते. मग आतून आवाज येतो, "चिमणी उठली..." आणि डब्यात लाकडावर लाकूड पडायला लागतं. मी बाहेर बसून मोजतो. बावीस झाल्या की स्नेहल डबा माझ्यापुढे धरते, "आजोबा, तुमची?"

मी तळवे मिटून तसाच बसतो. म्हणतो, थांब गं जरा. माझी नाही उठली.