रानातलं गोल्फ आणि शेवंताबाईची गाय

दुष्काळात विहिरी आटल्या, आमच्या हापिसातले किस्से काही आटले नाहीत. आता सांगायचाही कंटाळा येतो. पण चहा मागवलाच आहे, तर ऐका.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या, प्यायला पाणी नव्हतं, आणि बदलून आलेल्या आमच्या साहेबांना हवं होतं गोल्फ! अहमदपूर रस्त्याला पळस, निंब, बाभळीचं सरकारी रान होतं. साहेब म्हणाले, "झाड एकही तोडायचं नाही. झाडं वाट देतील तसं मैदान जाईल." रोजगार हमीवर काम निघालं आणि देखरेख माझ्यासारख्या कारकुनाच्या गळ्यात पडली.

*

झाडं वाट देईनात. साहेबांचा चेंडू बाभळीत शिरला, मागोमाग साहेब शिरले आणि फाटका शर्ट घेऊन बाहेर आले. मजुरांतली शेवंताबाई म्हणाली, "सायेब, तिथं आमची शेळीबी शिरत न्हाई!"

"म्हणूनच मजा आहे," साहेब म्हणाले. आम्ही माना डोलावल्या. दुसरं काय करणार?

*

साहेब चेंडू पडायला नऊ ठिकाणी भोकं पाडायला सांगून दौऱ्यावर गेले. आमची माणसं वर्षानुवर्षं झाडं लावायलाच खड्डे खणत आलेली. साहेब परतले तर प्रत्येक खड्ड्यात निंबाचं रोप, भोवती आळं, वर काट्यांचं कुंपण! मुकादम छाती काढून म्हणाला, "घरचं पाणी घातलं, पण एकबी जळू दिलं न्हाई!"

साहेबांनी वाकून रोपाचं पान चाचपलं. मग म्हणाले, "राहू द्या. शेजारी दुसरं भोक पाडा."

*

शेवटच्या भोकाभोवती तरी साहेबांना हिरवळ हवीच होती. साहेबांच्या बंगल्यातलं धुण्याभांड्यांचं सांडपाणी तिकडे नेलं. अख्ख्या तालुक्यात हिरवं काय ते तेवढंच! शेवंताबाईच्या घरचा कडबा संपला होता. "लई हाल हायेत, दादा. एकच गाय उरली, तीबी धरून उठवावी लागतेय. मूठभर गवत नेऊ का?"

मी म्हणालो, वर विचारतो. वर विचारलेलं खाली कधी आलंय? फार वाईट वाटायचं.

*

मग मुंबईहून मोठे पाहुणे खेळायला आले. समोरचा खेळत असताना कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, असा या खेळाचा रिवाज. पाहुणे सारखे आम्हालाच "शू!" करत होते. शेवटच्या भोकापाशी पोचलो, तर हिरवळीच्या मधोमध शेवंताबाईची गाय! बरगड्या वर आलेल्या, मान खाली घालून खात होती. दावं शेवंताबाईच्या हातात.

"हाकला तिला!" पाहुणे ओरडले. मुकादम काठी घेऊन धावला.

साहेबांनी त्याला हातानेच अडवलं, पाहुण्यांकडे वळून ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "शू! आता तिचा डाव आहे."