साडूभाऊंची मोजणी

फुटबॉलचा सामना कोण जिंकणार हे अर्ध्या खेळातच ठामपणे सांगणारा, आणि गोल मात्र चुकूनही न बघणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा! लिंबायतला कापड विणणाऱ्या लूम कारखान्यात या गृहस्थांची हयात गेली. गोल किती, फटके किती, चेंडू कोणाच्या ताब्यात किती वेळ, हे सगळे आकडे त्यांच्या मते फुकटचे. "धागा तुटसच रे भाऊ," ते मला समजावत, "गाठ कितली लवकर बसनी, ते देख." म्हणजे आपल्या वस्तीतल्या पोरींच्या संघाकडून चेंडू गेला की हे एक, दोन, तीन मोजायला लागणार, आणि परत मिळाला की थांबणार. मोजणी पाचाच्या आत राहिली तर जिंकलो. दहाच्या पुढे गेली तर गपगुमान घरी चला. आणि काय सांगू, बहुतेक वेळा खरं ठरायचं! चहाच्या पैजा हरून हरून मी थकलो. त्यात लूमच्या खडखडाटाने कान गेलेले. आपण मनातल्या मनात मोजतोय असं त्यांना वाटे, आणि आकडे पलीकडच्या रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जात. "अहो, हळू!" म्हटलं की म्हणत, "मी कुठे काय बोललो?"

त्यांची लेक याच संघात, मधल्या फळीत. वडोद्याच्या क्रीडा वसतिगृहाचे लोक पोरी निवडायला आले, त्याच दिवशी संघाला शिकवणाऱ्या सरांनी तिला बाहेर बसवलं. का, तर तिच्या नावावर एकही गोल नाही. बिचारी नखं खात बसली. लेक मैदानात असली की आकडा पाचाच्या आत, हे सामन्यागणिक लिहून ठेवलेली मोजणीची वही साडूभाऊंनी पुढे केली, तर सर हसले. "काका, वहीत गोल दाखवा!" झालं! सामना सुरू झाला आणि साडूभाऊंचं 'मनातल्या मनात' सुरू झालं. "दहा... अकरा... बारा..." सतराला प्रेक्षकही साथ द्यायला लागले. "बावीस!" असं सगळं मैदान ओरडलं, तेव्हा सर वैतागून म्हणाले, "जा गं बाई, उतर एकदाची!" त्यानंतर मोजणी चाराच्या पुढे गेली नाही. गोल दुसरीनेच मारला, आणि साडूभाऊंनी तो अर्थातच पाहिला नाही. वसतिगृहासाठी नाव मात्र त्यांच्याच लेकीचं निघालं.

तिला सोडायला आम्ही उधना स्टेशनवर गेलो. गाडी हलली, दारातला तिचा हात लहान होत दिसेनासा झाला. साडूभाऊ रिकाम्या रुळांकडे बघत उभे होते. मग सगळ्या फलाटाला ऐकू येईल असं ते मनातल्या मनात म्हणाले, "एक... दोन... तीन..."

मला हसू आलं. "अहो, दिवाळीला येईल ती!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

त्यांनी हातानेच मला गप्प केलं आणि मोजत राहिले.